गाणं तिचं, हिशेब कोणाचा?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



या अभ्यासवर्गाचा विषय ‘स्त्रिया आणि श्रम’ आहे आणि मी बोलणार आहे अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या गाण्याबद्दल. विषयपत्रिका पाहून दोघी-तिघींनी मला विचारलंच, की हा गाण्याचा तास मध्येच कुठून आला? माझं म्हणणं एवढंच, की गाणं हेही श्रमच आहेत. त्याची मजुरी असते आणि ती बुडवलीही जाते. ब्लूज आणि त्यातून पुढे आलेलं रिदम अँड ब्लूज यांचा इतिहास या अंगाने पाहिला, की आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी त्यात भेटतात.

तसं पाहिलं तर अमेरिकेतली काळ्यांची चळवळ आपल्याला परकी नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. अँजेला डेव्हिसचं नावही आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे. तुरुंगात गेलेली, स्त्री, वंश आणि वर्ग यांची सांगड घालणारी ती अँजेला. तिनेच १९९८ साली ब्लूज गाणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या जुन्या, खरखरणाऱ्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून तिने गाण्यांचे शब्द उतरवून काढले. इतकी चळवळीत मुरलेली बाई तबकड्यांपुढे कान लावून का बसली असेल, या कुतूहलापोटीच मी या विषयाकडे वळले.

आधी ब्लूज म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. पण दक्षिणेत कापसाची शेतं तीच राहिली, मालक तेच राहिले, आणि गुलामाचा झाला बटाईदार. तो कायम कर्जात. शेतात काम करताना एकमेकांना घातलेल्या लांबलचक हाका, रस्त्याचं आणि रेल्वेचं काम करणाऱ्यांची गाणी, देवळातली भजनं, असं सगळं एकत्र येऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाणं आकाराला आलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. पहिली ओळ दोनदा म्हणेपर्यंत तिसरी सुचायला उसंत मिळते. मधल्या रिकाम्या जागेत गिटार किंवा पियानो बोलतो. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचं तर गंधार आणि निषाद जरा उतरलेले लागतात, धड शुद्ध नाहीत आणि धड कोमलही नाहीत. पेटीवर ते सापडत नाहीत, गळ्यातच सापडतात. ब्लूज या शब्दाचा अर्थ उदासी. पण गाणं मात्र नुसतं रडगाणं नाही. तिसऱ्या ओळीत बाई बऱ्याचदा असं काही सांगून जाते की ऐकणाऱ्याला हसूच फुटतं.

हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, याची एक आठवण मा रेनीने जॉन वर्क या काळ्या अभ्यासकाला सांगितली होती. मा रेनी तंबूच्या खेळांतून फिरणारी गायिका. १९०२ साली मिझुरीतल्या एका लहान गावात त्यांचा मुक्काम असताना एक मुलगी सकाळी तंबूपाशी आली आणि आपल्याला सोडून गेलेल्या माणसाबद्दलचं एक गाणं म्हणू लागली. ते इतकं विलक्षण वाटलं की रेनीने ते तिच्याकडून शिकून घेतलं आणि आपल्या खेळाच्या शेवटी म्हणायला सुरुवात केली. रेनीची आठवण पुस्तकात आली. त्या मुलीचं नाव काही आलं नाही.

इथे मला हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामाची आठवण होते. पुण्याहून गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर ती गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलं. ओवी आणि ब्लूज ही काही एकच गोष्ट नव्हे, आणि उगाच बहिणी बहिणी म्हणून त्यांची गळाभेट घडवायची मला हौस नाही. ओवी घरात, पहाटे, बायकांपुरती. ब्लूज रंगमंचावर, तिकीट लावून. पण नाव लिहून ठेवणं किती मोठं काम असतं, ते मिझुरीतल्या त्या मुलीमुळे मला कळलं.

आता पैशाकडे येते. १९२० सालापर्यंत ग्रामोफोन कंपन्या काळ्या गायिकेच्या आवाजात ब्लूज छापायला तयारच नव्हत्या. काळ्या लोकांकडे तबकड्या घ्यायला पैसे कुठून असणार, असा त्यांचा हिशेब. पेरी ब्रॅडफर्ड नावाचा काळा गीतकार न्यूयॉर्कमधल्या कंपन्यांचे उंबरे झिजवत होता. अखेर ओके कंपनीने ऐकलं आणि १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. तबकडी धडाक्याने खपली. रेल्वेच्या डब्यांतून काम करणारे काळे नोकर उत्तरेतून गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेऊन दक्षिणेतल्या गावांत नेऊन विकत. ज्यांच्याकडे पैसे नाहीत असं धरून चालले होते, ते रांगा लावून तबकड्या घेऊ लागले. लगेच सगळ्या कंपन्या काळ्या गायिका शोधत सुटल्या. या तबकड्यांसाठी वेगळी यादी निघाली आणि तिला नाव दिलं ‘रेस रेकॉर्ड्‌स’. काळ्यांचा माल वेगळ्या फडताळात.

मा रेनीच्या तबकड्या काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीची गंमत सांगते. ती मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची कंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटं खपावीत म्हणून तिने तबकड्या काढायला घेतल्या. १९२३ ते १९२८ या पाच वर्षांत मा रेनीने तिथे शंभराच्या आसपास गाणी दिली.

बेसी स्मिथ तिच्याहून धाकटी. १८९४ सालचा जन्म, टेनेसीतल्या चॅटनुगा गावचा. लहानपणीच आईबाप गेले. भावाबरोबर रस्त्यावर गाऊन पैसे मिळवायची. १९२३ साली कोलंबिया कंपनीने तिची पहिली तबकडी काढली, ‘डाउनहार्टेड ब्लूज’. या गाण्याच्या कर्त्याही दोघी बायकाच, अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन. पुढे बेसीला ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणू लागले. तिने १६० गाणी ध्वनिमुद्रित केली. पण तिच्या करारात एका बाजूला अमुक इतके डॉलर असा ठोक दर होता, सुरुवातीला सव्वाशे. पुढे तबकडी लाखांनी खपली तरी तिला त्यातलं काही मिळायचं नाही. रॉयल्टी नाहीच. आपण विडी कामगार बायकांच्या हजारी दराबद्दल भांडतो ना, त्याहूनही वाईट. तिथे निदान जितक्या विड्या तितके पैसे. इथे एक विडी वळायची, कंपनीने त्याच विडीच्या लाखभर काढायच्या, आणि मजुरी मात्र एकीची.

तरी या बायकांनी पैसा मिळवला, आणि तो स्वतःच्या हातात मिळवला, हे विसरू नका. ज्या काळात शेत सोडलं तर काळ्या बाईला गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक याखेरीज दुसरं काम जवळपास मिळतच नव्हतं, त्या काळात बेसी स्वतःच्या रेल्वेच्या डब्यातून आपला जथा घेऊन फिरत होती. समोर बसलेल्या बायका दिवसभर धुणं धुऊन आलेल्या असत. अटलांटा शहरात अशाच धोबिणींनी १८८१ साली संप केला होता. वीसेक जणींनी सुरू केलेला तो संप तीन आठवड्यांत तीन हजारांवर गेला. बेसीने १९२८ साली ‘वॉशवुमन्स ब्लूज’ गायलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते समजावून सांगावं लागलं नसेल. १९२७ सालच्या ‘बॅक-वॉटर ब्लूज’मध्ये तिने पुरात घर गेलेल्या बाईचं गाणं केलं. ते तिला १९२६ सालच्या नाताळात नॅशव्हिलला आलेल्या पुरावरून सुचलं होतं. तबकडी बाजारात आली आणि थोड्याच महिन्यांत मिसिसिपी नदीला महापूर आला. लोकांना वाटलं, हे आपलंच गाणं.

त्यांच्या गाण्यांत लग्न, चूल, मूल जवळपास नाहीच. आहे तो नवरा किंवा मित्र, त्याचं खोटं बोलणं, त्याची मारहाण, बाईची स्वतःची शरीराची इच्छा, आणि गाडी पकडून दूर निघून जाणं. १९२८ साली मा रेनीने ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ गायलं. बाईने बाईवर प्रेम करण्याचं ते गाणं आहे, आडपडदा न ठेवता केलेलं. त्याच्या जाहिरातीत पुरुषी कोट, टोपी आणि टाय घातलेली बाई दोन बायकांशी बोलत उभी आहे आणि पलीकडून पोलीस पाहतोय, असं चित्र छापलं होतं. १९२८ साली! आपल्याकडे या विषयाला तोंड फुटायला किती वर्षं लागली, ते तुम्हाला माहीत आहे.

पण सगळंच असं सोयीचं नाही, हेही सांगते. बेसीचं १९२३ सालचं ‘टेन्ट नोबडीज बिझनेस’ नावाचं गाणं आहे. मी काय करते त्याच्याशी कुणाला काय करायचंय, असा त्याचा रोख. ऐकायला छान वाटतं. आणि मग शेवटाकडे ती म्हणते, की माझ्या माणसाने मला मारलं तरी मी पोलिसांत जाणार नाही, तोही माझाच प्रश्न. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेप बंद केला. आपल्या सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलेलं आहे. ‘ताई, तो आमचा घरातला प्रश्न आहे.’ अँजेला डेव्हिसचं म्हणणं असं, की निदान ही मारहाण चार भिंतींतून बाहेर आणून चारचौघांत बोलली गेली, आणि तिथूनच पुढे तिच्याविरुद्ध बोलणं शक्य झालं. मला हे अर्धंच पटतं. बोलून दाखवणं वेगळं आणि मिरवणं वेगळं. शिवाय हे गाणं लिहिलं होतं दोन पुरुषांनी. पण दुसरीही बाजू आहे. दक्षिणेतल्या काळ्या बाईने पोलिसांत जायचं म्हणजे कुणाकडे जायचं? तिच्या माणसाला झाडाला टांगणाऱ्या जमावात पोलीसही असत. या प्रश्नावर आपण नंतर बोलू या, मला तुमची मतं हवी आहेत.

१९२९ साली मंदी आली, तबकड्यांचा बाजार बसला, आणि पहिल्यांदा घरी बसल्या त्या या बायका. बेसी १९३७ साली मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात गेली. गोऱ्यांच्या इस्पितळाने दार बंद केलं म्हणून ती मेली, अशी कथा पुढे खूप पसरली, तिच्यावर नाटकही आलं. ती खरी नाही. तिला सरळ काळ्यांच्या इस्पितळातच नेलं होतं. वंशभेद इतका ठरून गेलेला होता की गोऱ्यांच्या दारात जायचा कुणी विचारच केला नसेल. मला ही खरी हकीकत त्या कथेहून जास्त भयंकर वाटते. तिच्या थडग्यावर तेहतीस वर्षं दगड नव्हता. १९७० साली गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि हुआनिता ग्रीन या दोघींनी पैसे घालून तो बसवला. ग्रीन म्हणजे लहानपणी बेसीच्या घरी साफसफाईचं काम केलेली मुलगी. मा रेनी १९३९ साली वारली. उतारवयात तिने नाट्यगृहं चालवली होती. तरी मृत्यूनंतरच्या नोंदीत तिचा व्यवसाय लिहिला गेला ‘घरकाम’.

आणि अल्बर्टा हंटर! तिने पन्नाशीच्या दशकात गाणं सोडलं, वय बारा वर्षांनी कमी सांगितलं, आणि नर्सचं शिक्षण घेऊन वीस वर्षं इस्पितळात नोकरी केली. १९७७ साली सत्तर वर्षांची झाली म्हणून तिला निवृत्त केलं, तेव्हा ती खरी बयाऐंशीची होती. मग काय, पुन्हा गायला लागली, आणि १९८४ साली जाईपर्यंत गात राहिली.

आता इतिहास कसा लिहिला जातो ते पाहा. १९६० च्या सुमारास गोऱ्या तरुणांना ब्लूजचा शोध लागला. त्यांना हवा होता एकटा, फाटका, गिटार घेऊन धुळीच्या रस्त्याने जाणारा पुरुष. रॉबर्ट जॉन्सन त्यांना सापडला. थोर गायक होता यात शंका नाही. त्याची २९ गाणी १९३६ आणि १९३७ सालची. म्हणजे मेमी स्मिथनंतर सोळा वर्षांनी. पण ‘अस्सल’ ब्लूज ठरलं ते त्याचं. रेशमी झगे घालून, मागे वाद्यवृंद घेऊन गाणाऱ्या बायका ‘नाटकी’ ठरल्या. फाटकेपणा म्हणजे अस्सलपणा, हे मोजमाप ज्यांनी कधी फाटकं नेसलं नाही त्यांनीच ठरवलेलं असतं. आणि गिटार वाजवणारी बाईही होतीच की. मेम्फिस मिनी. तिने १९२९ साली आपल्या नवऱ्याबरोबर ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ ध्वनिमुद्रित केलं, ते १९७१ साली लेड झेपेलिन या इंग्रज चमूने जगभर पोचवलं. १९४२ साल संपता संपता शिकागोत ती विजेवरची गिटार वाजवत होती, आणि लँग्स्टन ह्यूज या कवीने ते ऐकून वर्तमानपत्रात लिहून ठेवलंय.

शिकागोत, कारण तोपर्यंत लाखो काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या कारखान्यांत आली होती. गर्दीच्या दारूगुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून वीज आली. ढोल वाढले, सॅक्सोफोन आले, गाणं नाचरं झालं. ‘रेस रेकॉर्ड्‌स’ हे नाव आता लाजिरवाणं वाटू लागलं. १९४९ साली बिलबोर्ड या धंद्याच्या साप्ताहिकाने आपल्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. हे नाव सुचवणारा तिथला बातमीदार जेरी वेक्सलर. नाव बदललं, फडताळ तेच राहिलं.

याच फडताळातलं एक गाणं ‘हाउंड डॉग’. १९५२ साली बिग मामा थॉर्नटनने ते गायलं. जिवावर बसून खाणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं आहे ते. १९५३ साली सात आठवडे ते त्या यादीत पहिलं होतं. १९५६ साली एल्विस प्रेस्लीने ते गायलं तेव्हा शब्द बदलले आणि खराच कुत्रा उरला. बाईच गाण्यातून गेली. प्रेस्लीने त्यावर किती मिळवलं त्याची गणती नको. थॉर्नटन सांगायची, तिच्या हाती पाचशे डॉलर आले.

पण रुथ ब्राउनने हा हिशेब मागितला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. व्हर्जिनियातली, १९२८ चा जन्म. १९४९ पासून ती अटलांटिक या नव्या कंपनीसाठी गायला लागली आणि एकापाठोपाठ एक गाणी इतकी चालली की त्या कंपनीला ‘रुथने बांधलेलं घर’ म्हणत. साठीच्या दशकात गाणी मिळेनाशी झाली. पोरांना वाढवायला तिने लोकांच्या घरची कामं केली, शाळेची बस चालवली. रेडिओवर स्वतःचं गाणं वाजतंय आणि ही दुसरीच्या घरची फरशी पुसतेय. तिने रॉयल्टीबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, की उलट तुमच्याकडेच आमचं येणं आहे. कसं? तर ध्वनिमुद्रणाचा खर्च, वादकांची मजुरी, सगळं गायिकेच्या खात्यावर मांडलेलं. गाणं खपलं तरी आधी ते फिटायचं. ऊसतोडणीच्या उचलीचा हिशेब ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

हॉवेल बेगल नावाचा वकील तिचा चाहता होता. त्याने हे काम हाती घेतलं. कागद मागवले, वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांपर्यंत गोष्ट नेली. १९८८ साली कंपनीने जुनी ‘कर्जं’ पुसली आणि मागच्या वीस वर्षांची रॉयल्टी मान्य केली, फक्त रुथला नव्हे तर तिच्या पिढीतल्या इतर कलावंतांनाही. त्याच वर्षी म्हाताऱ्या, आजारी, विपन्न कलावंतांसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन सुरू झालं. एकटीचं प्रकरण सगळ्यांचं करून घेतलं, हे तिचं मोठेपण. रुथ २००६ साली गेली.

तरीही एक भोक राहिलंय. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं १९६५ साली ओटिस रेडिंगने लिहिलं आणि गायलं. घरी आलेल्या कमावत्या नवऱ्याला मान मिळावा, असं ते पुरुषाचं मागणं. १९६७ च्या फेब्रुवारीत अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं बहिणींना साथीला घेऊन गायलं, त्यातलं एकेक अक्षर सुटं करून ठणकावलं, आणि मागणारी बाई झाली. निर्माता तोच जेरी वेक्सलर. चळवळीतल्या काळ्या माणसांनी आणि बायकांनी ते आपलं मानलं. पण अमेरिकेच्या कायद्यानुसार साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला नाही. त्यामुळे ते गाणं हजारो वेळा वाजलं आणि अरीथाला त्या वाजण्याचे पैसे मिळाले नाहीत. ती २०१८ साली गेली. हा कायदा बदलावा म्हणून तिथल्या संसदेत विधेयकं येतात आणि पडून राहतात.

बोलणं लांबलं. आता टेप लावते. आधी बेसीचं धोबिणीचं गाणं, मग रुथ, मग ‘रिस्पेक्ट’चे दोन्ही अवतार एकापाठोपाठ, म्हणजे फरक कानाने कळेल. शेवटी ते ‘टेन्ट नोबडीज बिझनेस’ही लावणार आहे. शब्दांचा मराठी अर्थ कागदावर लिहून आणलाय, तो पुढच्या मैत्रिणींनी मागे द्या.